बेंजामिन बटलर: वकील, जनरल, खासदार. चाळीस मिनिटांत कसा मांडावा?

खजुरीबाजार (इंदूर)

नमस्कार मंडळी,

आमच्या वाचनकट्ट्यावर पुढच्या महिन्यात अमेरिकेच्या यादवी युद्धावर (१८६१ ते १८६५, फुटलेली दक्षिणेची राज्यं विरुद्ध केंद्र) सत्र आहे. लिंकन, ग्रँट, ली ही बडी मंडळी आधीच वाटली गेली. माझ्या वाट्याला आलाय बेंजामिन फ्रँकलिन बटलर. मॅसॅच्युसेट्समधल्या लोवेलचा वकील, मग मेजर जनरल, मग खासदार, मग गव्हर्नर. वेळ चाळीस मिनिटं. श्रोत्यांत निवृत्त प्राध्यापक आहेत, हायकोर्टात वकिली करणारे दोघे-तिघे आहेत. इतिहास सगळ्यांना येतो, पण अमेरिकेची संसद कशी चालते हे फारसं कुणाला ठाऊक नाही.

वाचन बरंच झालंय, पण चार ठिकाणी गाडी अडली आहे.

तारखा जमत नाहीत. बटलर १८७४ मध्ये निवडणूक हरला असं वाचलं, आणि १८७५ मध्ये त्यानेच नागरी हक्कांचं बिल सभागृहातून पास करून घेतलं असंही वाचलं. दोन्ही खरं कसं?

फोर्ट मनरोला पळून आलेल्या गुलामांना त्याने परत दिलं नाही, ते कोणत्या कायद्याच्या जोरावर? 'शत्रूचा माल म्हणून जप्त केले' एवढ्यावर आमचे वकील सोडणार नाहीत.

न्यू ऑर्लिन्सबद्दल एकजण त्याला राक्षस म्हणतो, दुसरा म्हणतो त्याने शहर रोगराईतून वाचवलं.

आणि राष्ट्राध्यक्ष जॉन्सनवरचा महाभियोग एका मताने पडला, त्यात बटलरचा वाटा किती?

क्रम कसा लावू तेही सांगा. जन्म, शिक्षण, लग्न, मृत्यू असा धोपट मार्ग धरला तर पाचव्या मिनिटाला लोक पोह्यांची चौकशी करतील.

तारीखवार (ग्वाल्हेर)

तारखांचं आधी निस्तरू, बाकीचं त्यावरच उभं आहे.

त्या काळी निवडणूक सम वर्षाच्या शरद ऋतूत व्हायची आणि मुदत पुढच्या विषम वर्षी ४ मार्चला सुरू व्हायची. पण सभागृहाचं (म्हणजे संसदेच्या खालच्या सभागृहाचं, बटलर तिथलाच) पहिलं नियमित अधिवेशन बसायचं थेट डिसेंबरात. म्हणजे निवडून आल्यावर तेरा महिने माणूस नुसता 'निवडून आलेला'. याची दुसरी बाजू अशी की हरलेला सदस्य निवडणुकीनंतरच्या डिसेंबरपासून ३ मार्चपर्यंत पूर्ण अधिकाराने बसायचा, बोलायचा, मत द्यायचा. बटलर नोव्हेंबर १८७४ मध्ये हरला, त्याच्या रिपब्लिकन पक्षाचं बहुमतही गेलं, तरी जुनं सभागृह ३ मार्च १८७५ पर्यंत जिवंत होतं. ४ फेब्रुवारीला त्यात नागरी हक्कांचं बिल १६२ विरुद्ध ९९ मतांनी मंजूर झालं, १ मार्चला राष्ट्राध्यक्ष ग्रँटची सही झाली. दोन दिवसांनी बटलर घरी. तुमची दोन्ही वाक्यं खरी आहेत.

या नियमाला एक अपवाद आहे आणि तो नेमका बटलरच्याच पहिल्या मुदतीत येतो. १८६६ मध्ये निवडून आलेलं सभागृह डिसेंबर १८६७ पर्यंत थांबलं नाही, ४ मार्च १८६७ लाच बसलं. जॉन्सनला नऊ महिने मोकळं रान द्यायचं नाही म्हणून आधीच्या सभागृहाने तसा कायदाच करून ठेवला होता.

त्याच्या खासदारकीच्या मुदती दोन: ४ मार्च १८६७ ते ३ मार्च १८७५, आणि ४ मार्च १८७७ ते ३ मार्च १८७९. मधली दोन वर्षं तो बाहेर होता. सलग बारा वर्षं खासदार असं कुणी लिहिलं असेल तर खोडा.

राज्याच्या आणि देशाच्या सभागृहांची गल्लत करू नका. १८५३ मध्ये तो मॅसॅच्युसेट्सच्या कनिष्ठ सभागृहात होता, १८५९ मध्ये राज्याच्या सिनेटमध्ये. वॉशिंग्टनच्या सिनेटमध्ये तो कधीच नव्हता. 'सिनेटर बटलर' दिसला की तो दुसरा कुणीतरी समजा: साऊथ कॅरोलिनाचा अँड्र्यू बटलर किंवा त्याचा पुतण्या मॅथ्यू, जो दक्षिणेकडून लढला.

सगळ्यात मोठा घोळ नावाचा. बेंजामिन फ्रँकलिन बटलर नावाचे दोन वकील होऊन गेले. न्यूयॉर्कचा बटलर, जन्म १७९५, मृत्यू १८५८, हा जॅक्सन आणि व्हॅन ब्युरेन यांच्या काळात अ‍ॅटर्नी जनरल होता. तुमचा बटलर ५ नोव्हेंबर १८१८ चा, न्यू हॅम्पशायरमधल्या डिअरफील्डचा. इंदूरच्या श्रोत्यांना हे वर्ष लगेच लक्षात राहील, त्याच वर्षीच्या जानेवारीत मंदसौरचा तह झाला. पडद्यावर फोटो दाखवणार असाल तर टक्कल, जाड पापण्या आणि तिरळा डोळा पाहून मगच लावा.

अर्धावकील (बडोदे)

फोर्ट मनरोचं मी सांगतो. चाळीसपैकी निदान बारा मिनिटं याला द्या, कारण अख्खा बटलर यात सापडतो.

जागा आधी नकाशावर दाखवा. व्हर्जिनियाच्या किनाऱ्यावरच्या टोकाला हा किल्ला, भोवती बंडखोर राज्य, किल्ला मात्र केंद्राच्या ताब्यात. बटलर तिथे २२ मे १८६१ ला पोचला. २३ मेला व्हर्जिनियात मतदान होऊन संघराज्यातून फुटण्यावर शिक्कामोर्तब झालं. त्याच रात्री फ्रँक बेकर, शेपर्ड मॅलरी आणि जेम्स टाउनसेंड हे तीन गुलाम होडीतून पलीकडून किल्ल्यावर आले. दक्षिणेच्या फौजेने त्यांना सेवेल्स पॉइंटला तोफांचा मोर्चा बांधायला लावलं होतं. तिघांचा मालक कर्नल चार्ल्स मॅलरी. दुसऱ्या दिवशी त्याच्या वतीने मेजर कॅरी पांढरं निशाण घेऊन आला आणि माणसं परत मागू लागला.

कॅरीच्या बाजूला भक्कम कायदा होता. राज्यघटनेच्या चौथ्या कलमात पळालेला गुलाम परत द्यायची तरतूद आणि तिच्या अंमलासाठी १८५० चा कडक कायदा. केंद्र सरकारचं अधिकृत म्हणणं असं की फुटणं बेकायदा आहे, व्हर्जिनिया अजून संघराज्यातच आहे. मग तिथल्या नागरिकाला कायद्याचं संरक्षण का नाही?

बटलरने इथे प्रतिपक्षाचंच निवेदन त्याच्या गळ्यात घातलं. तुम्ही म्हणता आम्ही परका देश झालो. मग परक्या देशाला आमच्या घटनेखालचा हक्क मागता येत नाही. आणि तसं नसेल तर कर्नलसाहेबांनी इथे यावं, संघराज्याशी निष्ठेची शपथ घ्यावी, माणसं घेऊन जावं. शपथ घेतली तर बंड सोडलं, नाही घेतली तर हक्क सोडला. तुमच्या वकील श्रोत्यांना हा एस्टॉपेलचा (आपल्याच आधीच्या म्हणण्याविरुद्ध जाता येत नाही, या तत्त्वाचा) डाव वाटेल, आणि ढोबळमानाने तो तसाच आहे. जोडीला युद्धाचा साधा नियम: शत्रू ज्या साधनाने मोर्चे बांधतो ते साधन हाती लागलं तर ठेवून घ्यायचं. बंदूक असो, घोडा असो.

आता या युक्तिवादाला गळती कुठे आहे ते पाहा, भाषणाचा खरा माल तिथेच आहे.

एक, या मार्गाने माणूस मुक्त होत नाही. मालमत्ता म्हणूनच तो मालकाकडून काढून घेतला जातो. 'बटलरने गुलामांना मुक्त केलं' हे वाक्य चूक आहे.

दोन, मेरीलँड आणि केंटकी ही गुलामी असलेली पण संघराज्यात राहिलेली राज्यं होती. तिथल्या मालकाला हे उत्तर देता येत नव्हतं.

तीन, बायका आणि मुलं. त्यांनी मोर्चे बांधले नव्हते. तीन दिवसांत कुटुंबंच्या कुटुंबं येऊ लागली. २७ मेला बटलरने वरिष्ठांना कळवलं की आपल्याकडे सुमारे ६०,००० डॉलर किमतीची ही 'मालमत्ता' जमली आहे. धडधाकटांना कामाला लावायचं, सगळ्यांना शिधा द्यायचा, न कमावणाऱ्यांचा खर्च कमावणाऱ्यांच्या श्रमातून वळता करायचा आणि जमाखर्च काटेकोर ठेवायचा, अशी त्याची योजना. पुढेमागे दावा लागला तर हिशेब दाखवता यावा, हा वकिली बेत.

३० जुलैला त्याने युद्धमंत्री कॅमेरनला लिहिलेलं पत्र तर पडद्यावर दाखवावं असं आहे. एकूण ९०० माणसं: ३०० धडधाकट पुरुष, ३० कष्टाच्या पलीकडे गेलेले, १७५ बायका, दहा वर्षांखालची २२५ मुलं, दहा ते अठरामधली १७०. बेरीज करून बघा, बरोबर येते. आणि त्याखाली प्रश्न दोनच. यांचं करायचं काय, आणि यांचा दर्जा काय? मालक पळून गेले, मग हे बेवारस मालमत्ता झाले की माणसं? मे महिन्यात मालमत्तेच्या आधारावर जिंकलेला वकील जुलैत स्वतःच तो आधार खिळखिळा करतो आहे. आठवड्याने, ६ ऑगस्ट १८६१ ला पहिला जप्ती कायदा झाला. त्याने बटलरच्या कृतीला आधार दिला, पण दक्षिणेच्या फौजेने कामाला लावलेल्या गुलामांपुरताच. बायका-मुलांचा प्रश्न लोंबकळत राहिला. मार्च १८६२ मध्ये लष्करी अधिकाऱ्यांना गुलाम परत देण्याची मनाई आली, जुलै १८६२ मध्ये दुसरा, जास्त व्यापक जप्ती कायदा.

शेवटी हेही सांगा: १ जानेवारी १८६३ च्या लिंकनच्या गुलाममुक्तीच्या जाहीरनाम्यातून काही भाग वगळले होते. त्यात फोर्ट मनरो ज्या एलिझाबेथ सिटी काउंटीत येतो ती होती, आणि न्यू ऑर्लिन्सही होतं. बटलरची दोन्ही गाजलेली ठाणी जाहीरनाम्याबाहेर.

दौलतगंजकर

वकिलीचं कौतुक चालू द्या, पण सैनिक म्हणून हा माणूस काय होता ते झाकू नका. श्रोत्यांत एखादा निवृत्त फौजी निघाला तर तो पहिला प्रश्न हाच विचारेल.

सुरुवात चांगली होती. एप्रिल १८६१ मध्ये बाल्टिमोरात दंगल होऊन वॉशिंग्टनचा रेल्वेमार्ग तुटला, तेव्हा बटलरने पलटण बोटीत घालून अ‍ॅनापोलिसला उतरवली आणि तिथून उखडलेला लोहमार्ग सैनिकांकडून दुरुस्त करत राजधानीची वाट उघडली. बंद पाडलेलं इंजिन पलटणीतल्याच कारागिराने चालू केलं. १३ मेच्या रात्री हुकमाशिवाय बाल्टिमोर ताब्यात घेतलं. सरसेनापती स्कॉट भडकला, पण बढती मिळाली: १६ मे १८६१, स्वयंसेवक फौजेचा मेजर जनरल.

ही तारीख ठळक लिहा. हुद्द्याच्या तारखेवर ज्येष्ठता ठरायची आणि स्वयंसेवकांत त्याच्याइतके जुने मेजर जनरल दोघे-तिघेच. हा हुद्दा पूर्ण होता, मानाचा नव्हे. त्या युद्धात बहादुरीबद्दल 'ब्रेव्हेट' म्हणून नुसता किताब द्यायचे. पगार आणि अधिकार खालच्याच हुद्द्याचे. कुणाही अमेरिकन 'जनरल'चं चरित्र सांगताना हे आधी तपासावं, निम्मे तिथेच गळतात.

पुढे मात्र उतरण. १० जून १८६१, बिग बेथेल. रात्रीची चाल, दोन तुकड्या दोन वाटांनी, आणि न्यूयॉर्कच्या एका पलटणीचा गणवेश करडा. अंधारात आपल्याच दोन पलटणींनी एकमेकांवर गोळीबार केला, शत्रू सावध झाला, मग दिवसाउजेडी हल्ला फसला. केंद्राची हानी ७६, त्यात १८ मेले. बटलर स्वतः रणांगणावर नव्हता, पण योजना त्याची.

मे १८६४, बर्म्युडा हंड्रेड. ५ मेला तीस हजारांवर फौज जेम्स नदीवरून दक्षिणेची राजधानी रिचमंडच्या दाराशी उतरवली. समोर फौज तुटपुंजी. रिचमंड-पीटर्सबर्ग रेल्वे कायमची तोडली असती तर दक्षिणेचा सेनापती ली याची रसद आटली असती. पण इथे थोडा रूळ उखडायचा, तिथे थोडा, पुन्हा मागे यायचं. हाताखालचे दोन कोअर कमांडर गिलमोर आणि स्मिथ यांच्याशी पत्रापत्री, प्रत्येक जण आपली बाजू कागदावर बिनचूक करण्यात मग्न. तोवर दक्षिणेच्या जनरल बोरेगार्डने फौज जमवली आणि १६ मेला ड्रुरीज ब्लफला मागे रेटलं. दोन नद्यांमधल्या चिंचोळ्या तोंडावर त्याने तटबंदी उभारली, बटलर आत सुरक्षित आणि निरुपयोगी.

डिसेंबर १८६४, फोर्ट फिशर. याचं पुढच्या कुणीतरी सांगा.

पागनीसपागा (इंदूर)

दौलतगंजकर, झोडा हवं तेवढं, पण एक गाळलंत. बटलरच्या हाताखालच्या कृष्णवर्णीय पलटणींनी २९ सप्टेंबर १८६४ ला न्यू मार्केट हाइट्सचा मोर्चा घेतला आणि त्यातल्या १४ सैनिकांना मेडल ऑफ ऑनर हे शौर्याचं सर्वोच्च पदक मिळालं. न्यू ऑर्लिन्समध्ये असतानाच, सप्टेंबर १८६२ मध्ये, स्थानिक स्वतंत्र कृष्णवर्णीयांची पलटण त्याने फौजेत घेतली होती. ऑगस्टपर्यंत याच कल्पनेला त्याचा विरोध होता. कुमक मिळेना तेव्हा मत बदललं.

आता न्यू ऑर्लिन्स, केंद्राने दक्षिणेकडून जिंकलेलं शहर. राक्षस की तारणहार, हा वाद सोडा. तिथे त्याने सात-साडेसात महिने, १ मे ते डिसेंबर १८६२, शहर कसं चालवलं ते क्रमाने सांगा.

शहर उपाशी होतं आणि तो काळ पिवळ्या तापाचा. १८५३ च्या साथीत तिथे आठ हजारांच्या आसपास माणसं मेली होती. स्थानिक लोक उघड बोलत की उन्हाळा येऊ दे, उत्तरेच्या फौजेचं तापच बघेल. बटलरचे वडील वेस्ट इंडीजमध्ये याच तापाने गेले होते. त्याने दोन गोष्टी केल्या. नदीच्या खालच्या अंगाला, शहरापासून सुमारे सत्तर मैलांवर, येणारं प्रत्येक जहाज तपासायचं, संशय आला की अडवून ठेवायचं. आणि शहरात सुमारे २,००० मजूर लावून गटारं, कालवे, बाजार साफ करायचे. मजुरी नगरपालिकेने द्यायची, वर लष्कराकडून सैनिकाइतका पूर्ण शिधा. उपासमारीलाही तोच उतारा.

त्या वर्षी साथ आली नाही. पण कारण सांगताना जपा. ताप डासाने पसरतो हे तेव्हा कुणालाच माहीत नव्हतं. फिनलेने ती कल्पना १८८१ मध्ये मांडली, वॉल्टर रीडच्या मंडळाने १९०० मध्ये ती सिद्ध केली. काम केलं ते बहुधा जहाजं अडवण्याने, आणि नाकेबंदीमुळे मुळात जहाजंच कमी येत होती त्याने. तुंबलेलं पाणी वाहतं झालं त्याचाही थोडा हात असेल. 'झाडू मारून पिवळा ताप घालवला' असं म्हणू नका, प्रेक्षकांत डॉक्टर असतील. आमच्या शहरात झाडूचा अभिमान जरा जास्तच आहे, म्हणून आधीच सांगून ठेवते.

या खर्चाचा पैसा कुठून? ऑगस्टमधला त्याचा ५५ क्रमांकाचा आदेश बघा. शहराच्या संरक्षणासाठी बंडखोरांना ज्यांनी साडेबारा लाख डॉलर उभे करून दिले होते त्यांची यादी त्याच्या हाती लागली. प्रत्येकाच्या रकमेच्या पंचवीस टक्के कर. शिवाय दुसरी यादी कापूस दलालांची. १८६१ मध्ये त्यांनी मळेवाल्यांना जाहीर सल्ला दिला होता की कापूस न्यू ऑर्लिन्सला आणू नका. हेतू हा की इंग्लंडच्या गिरण्या उपाशी पडल्या की इंग्लंड दक्षिणेच्या बाजूने उतरेल. त्यांच्यावरही कर. दोन्ही मिळून वसुली ३ लाख ४१ हजारांवर. इंदूरकरांना इथे धागा जोडून द्या: तोच अडलेला कापूस म्हणजे मुंबईतल्या तेजीचं कारण, आणि वऱ्हाड, खानदेश, माळव्याच्या कपाशीचे चढलेले भाव.

बदनामीचं कारण २८ क्रमांकाचा आदेश, १५ मे १८६२. शहरातल्या बायका सैनिकांना टोमणे मारत, थुंकत, वरून घाण ओतत. आदेश असा की कुठल्याही स्त्रीने शब्दाने, हावभावाने सैनिकाचा अपमान केला तर तिला धंदा करणारी बाई समजून वागवलं जाईल. दक्षिणेने याचा अर्थ अत्याचाराची मुभा असा लावला, लंडनच्या संसदेत पंतप्रधान पामर्स्टनने निषेध केला. बटलरचं उत्तर असं की अशा बाईकडे सभ्य माणूस दुर्लक्ष करतो, आणि गडबड केली तर पोलीस तिला कोठडीत घालतात, एवढाच अर्थ. वाक्य जाणूनबुजून दोन्ही अर्थ वाहणारं केलंय असं माझं मत. टोमणे थांबले हे खरं. शहरात लघवीची भांडी विकली जायची, तळाशी आतून बटलरचं चित्र छापलेली. हे जरूर सांगा, सगळे जागे होतील.

ममफर्ड या शहरवासीयाची फाशी मात्र नुसत्या एका ओळीत उरकू नका. त्याने टाकसाळीवरचा केंद्राचा झेंडा उतरवून फाडला तो एप्रिल अखेरीस, म्हणजे बटलरची फौज शहरात उतरण्याआधी. तेव्हा शहर रीतसर ताब्यात होतं का? नसेल तर गुन्हा कोणता? लष्करी आयोगाने शिक्षा दिली, ७ जूनला त्याच टाकसाळीसमोर फाशी. पुढे याच बटलरने ममफर्डच्या विधवेला वॉशिंग्टनला नोकरी मिळवायला मदत केली.

खजुरीबाजार (इंदूर)

अरे वा, मी चार प्रश्न टाकले आणि तुम्ही तर पुराणच लावलंत. आभारी आहे.

दोन शंका. चांदीचे चमचे चोरल्याचा आरोप सांगावा का? आणि एवढं सगळं होऊन लिंकनने त्याला १८६५ पर्यंत का ठेवलं? फोर्ट फिशरही राहिलंय, महाभियोगही.

अर्धावकील (बडोदे)

चमचे: टोपणनाव ('स्पून्स' बटलर) म्हणून सांगा, सिद्ध गुन्हा म्हणून नको. फौजेच्या रेषेपलीकडे जाणाऱ्या एका बाईकडून चांदीची भांडी जप्त झाली, त्यावरून ही कथा फुगली असं सांगतात. त्याचा भाऊ अँड्र्यू याने मात्र शहरात व्यापारात बक्कळ पैसा केला, तेही जनरलच्या छायेत. बटलरच्या स्वतःच्या हाताला डाग लावणारा पुरावा चौकशांतून निघाला नाही. दोन्ही गोष्टी शेजारीशेजारी ठेवा.

का ठेवलं: बटलर १८६० पर्यंत कट्टर डेमोक्रॅट. त्या वर्षीच्या चार्ल्सटनच्या अधिवेशनात पन्नासहून जास्त फेऱ्यांत त्याने उमेदवारीसाठी मत दिलं ते जेफरसन डेव्हिसला, पुढे दक्षिणेचा राष्ट्राध्यक्ष झालेल्या! असा माणूस युद्धात आपल्या बाजूला आहे, हे लिंकनला उत्तरेतल्या डेमोक्रॅट मतदारांना दाखवायचं होतं. नोव्हेंबर १८६४ ची निवडणूक पार पडली आणि ती गरज संपली.

फोर्ट फिशर: नॉर्थ कॅरोलिनातल्या वाळूच्या किल्ल्याशेजारी दारूगोळ्याने भरलेलं जहाज उडवायचं, ही कल्पना बटलरची. जुनं 'लुइझियाना' जहाज, आत सुमारे २१५ टन दारू. २४ डिसेंबरच्या पहाटे ते उडलं आणि किल्ल्याचं काहीही बिघडलं नाही. का? सगळी दारू एकाच क्षणी पेटायला हवी होती, त्यासाठी घड्याळाच्या वाती बसवल्या होत्या. त्या ठरल्या वेळी चालल्या नाहीत. स्फोट झाला तो खबरदारी म्हणून लावलेल्या साध्या आगीने. त्यामुळे दारू टप्प्याटप्प्याने पेटली आणि बरीच न जळता उडाली. शिवाय जहाज ठरल्यापेक्षा दूर राहिलं, आणि उघड्या पाण्यावरचा धक्का वाळूचे ढिगारे सहज पचवतात. २५ तारखेला फौज उतरवली, तट शाबूत पाहिला आणि बटलरने ती परत बोलावली. ग्रँटचा हुकूम होता की एकदा उतरलात तर पाय रोवून राहा.

ग्रँटने त्याला काढायची मागणी करताना जे कारण दिलं ते दौलतगंजकरांच्या तारखेशी जुळतं: मी जागेवर नसलो की ज्येष्ठतेने सगळी सूत्रं बटलरकडे जातात. जानेवारी १८६५ मध्ये तो घरी गेला. मग संसदेच्या समितीपुढे किल्ला हल्ल्याने पडण्यासारखा नव्हता अशी साक्ष देत असताना बातमी आली की १५ जानेवारीला किल्ला पडला.

आता महाभियोग. आकडे आधी: सिनेटर ५४, दोषी ठरवायला लागतात दोन तृतीयांश म्हणजे ३६ मतं. पडली ३५ विरुद्ध १९, तीन कलमांवर तीनदा, १६ आणि २६ मे १८६८. आरोप ठेवतं खालचं सभागृह आणि निकाल देतं सिनेट; सभागृहाच्या सात अभियोक्त्यांपैकी बटलर एक. ३० मार्चचं प्रारंभीचं भाषण त्याचं.

खटला मुळात कच्चा होता. आरोपाचा कणा १८६७ चा पदावधी कायदा: सिनेटच्या संमतीवाचून मंत्र्याला काढायचं नाही. जॉन्सनने युद्धमंत्री स्टँटनला काढलं. पण त्याच कायद्यात म्हटलंय की मंत्र्याला संरक्षण आहे ते त्याला नेमणाऱ्या राष्ट्राध्यक्षाच्या मुदतीपुरतं आणि पुढे एक महिना. स्टँटनला नेमलं होतं लिंकनने. बचावाचा कर्टिस याच भगदाडातून शिरला.

बटलरचा दोष पद्धतीतला. त्याने हा खटला फौजदारी कोर्टासारखा चालवला: प्रत्येक साक्षीला हरकत, बचावाला जॉन्सनचा हेतू दाखवणारा पुरावा आणू द्यायचा नाही. बहुमताच्या जोरावर बऱ्याच हरकती मान्य झाल्या, पण कुंपणावरच्या सिनेटरांना वाटलं की राष्ट्राध्यक्षाला बोलूच देत नाहीत. दहावं कलम त्याचंच, जॉन्सनच्या शिवराळ भाषणांबद्दल. ते मतालाही आलं नाही. सात रिपब्लिकन फुटले. नंतर बटलरने लाचेचा शोध घ्यायला तारांचे गठ्ठे जप्त केले, हाती ठोस काही लागलं नाही.

याआधी, १८६६ मध्ये, सर्वोच्च न्यायालयात मिलिगन प्रकरणीही तो सरकारच्या बाजूने हरला होता. मुद्दा: जिथे नागरी (बिगरलष्करी) कोर्टं उघडी आहेत तिथे नागरिकाला लष्करी आयोगापुढे उभं करता येतं का? न्यायालय म्हणालं, नाही. समोरच्या बाजूला जेम्स गारफील्ड होता, पुढे राष्ट्राध्यक्ष झालेला. ममफर्डच्या फाशीनंतर हा निकाल सांगा, वकील मंडळी आपोआप बोलू लागतील.

तारीखवार (ग्वाल्हेर)

क्रमाबद्दल. जन्मापासून नको, लोवेलपासून सुरू करा. विधवा आई गिरणीकामगार मुलींची खानावळ चालवते, मुलगा १८४० मध्ये सनद घेतो आणि त्याच मुलींच्या मजुरीचे दावे गिरण्यांविरुद्ध लढवतो. एका दाव्यात त्याने गिरणीचं पाणचक्र जप्त करवलं, चक्र थांबलं की गिरणी थांबते, म्हणून मालकाने मुकाट पैसे दिले, अशी कथा त्याच्या नावावर आहे. पुढे तोच गिरणीचा भागधारक झाला आणि दहा तासांच्या दिवसाची मागणीही करत राहिला. पाच मिनिटं. मग थेट फोर्ट मनरो बारा, न्यू ऑर्लिन्स आठ, १८६४ च्या मोहिमा चार, महाभियोग पाच, नागरी हक्क चार, उरलेलं शेवटाला.

नागरी हक्कांच्या बिलाचं श्रेय वाटून द्या. मूळ बिल सिनेटर समनरचं, १८७० पासूनचं. समनर मार्च १८७४ मध्ये गेला. बटलरने ते खालच्या सभागृहातून नेलं, पण शाळांचं कलम गाळावं लागलं. उरल्या खानावळी, रेल्वे, नाटकगृहं. १८८३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तेही रद्द केलं, एकटा न्यायमूर्ती हार्लन विरोधात. कू क्लक्स क्लॅन या गोऱ्यांच्या दहशतवादी संघटनेविरुद्धच्या १८७१ च्या कायद्याचा आधीचा मसुदा बटलरचा होता, मंजूर झाला तो शेलाबार्गर या दुसऱ्या खासदाराचा.

गव्हर्नरपद १८८३ चं, एकच वर्ष. मॅसॅच्युसेट्समध्ये तेव्हा दरवर्षी निवडणूक व्हायची, त्यामुळे 'वर्षभरात हाकलला' असं म्हणू नका; पुढची निवडणूक हरला एवढंच. त्या वर्षात त्याने जॉर्ज रफिनला न्यायाधीश नेमलं, राज्यातला पहिला कृष्णवर्णीय न्यायाधीश, आणि स्त्रियांच्या तुरुंगाचा कारभार क्लारा बार्टनकडे दिला. हार्वर्ड दर गव्हर्नरला मानद पदवी द्यायचं, याला दिली नाही. १८८४ मध्ये राष्ट्राध्यक्षपदाला उभा राहिला, मतं पावणेदोन लाखांच्या घरात. मृत्यू ११ जानेवारी १८९३, वॉशिंग्टनला; दफन लोवेलला.

आत्मचरित्र हजारांवर पानांचं आहे आणि भांडून लिहिलंय. तारखा, आदेश, पत्रांचे मजकूर यांसाठी वापरा, संवादांसाठी नको. कॅरीशी झालेलं बोलणं त्यात जसं रंगलंय ते तीस वर्षांनी लिहिलेलं आहे. मे १८६१ चा त्याचा सरकारी अहवाल शेजारी ठेवून वाचा, फरक दिसेल.

दौलतगंजकर

चार मिनिटांत १८६४ बसणार नाही, तारीखवार. बर्म्युडा हंड्रेडला नकाशा लागतो: जेम्स, अ‍ॅपोमॅटॉक्स, मधली चिंचोळी जमीन आणि तिच्या पश्चिमेला रेल्वे. फळ्यावर चार रेघांत काढता येतो. महाभियोगातलं एक मिनिट काढून इकडे द्या. डच गॅपचा कालवा मात्र पूर्ण वगळा, तो युद्धात वापरलाच गेला नाही.